पहिल्या मिनिटापासून वेळकाढूपणा

४ मार्च

आई,

तू फाटकाबाहेर वळून बघत राहिलीस तेव्हा मी आत जाऊन कपाट लावत होतो, खिडकीतून बघत नव्हतो. असं मी डॉक्टरबाईंना सांगितलं आणि त्यांचा विश्वास बसला नाही.

इथे फोन काढून घेतात. पहिले तीन महिने फक्त पत्रं. बाई म्हणतात, हाताने लिहिलं की माणूस सावकाश विचार करतो. मी म्हटलं, मी सावकाशच विचार करतो, सुटतच नाही तो, म्हणून तर इथे आलोय. त्या हसल्या. खोलीत चार पलंग आहेत. शेजारच्या पलंगावर एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर आहेत. ते रोज सकाळी माझी उशी सरळ करतात, कारण ती तिरकी असली की त्यांना चहा जात नाही.

बाथरूमच्या दारामागे त्या दिवशी जे झालं त्याबद्दल इथे रोज बोलावं लागतं. पत्रात नको.

एक काम आहे. माझ्या कॉम्प्युटरवर फुटबॉलचा तो खेळ आहे, ज्यावरून तू मला ‘हिरवळीकडे बघत बसलेला बैल’ म्हणायचीस. त्यात आपण खेळाडू नसतो, मॅनेजर असतो. चेंडूला आपला पाय कधीच लागत नाही. कोण खेळणार, कुठे उभं राहणार, पुढे चढायचं की मागे थांबायचं, एवढे डावपेच आधी ठरवायचे. मग सामना कॉम्प्युटर खेळतो आणि आपण बघत बसायचं.

आमची मित्रांची लीग आहे. एकाआड एक शनिवारी सामना असतो. जिराफ ती चालवतो (आपल्या दाराच्या चौकटीला येताना आणि जाताना डोकं आपटून गेला होता, तोच). लागोपाठ तीन सामन्यांना सूचना गेल्या नाहीत तर टीम काढून घेतात. ही टीम मी चार वर्षं वाढवलीय. बाकी माझं म्हणावं असं सध्या काही उरलेलं नाही. तर येत्या शनिवारच्या आत कॉम्प्युटर उघड, ‘डावपेच’ लिहिलंय तिथे जा, काही बदलू नकोस, फक्त ‘पाठवा’ दाब. पासवर्ड तुझाच वाढदिवस आहे. भरून येऊ देऊ नकोस, सोपा म्हणून ठेवलाय.

बाबांना यातलं काही सांगू नकोस.

बोका


१० मार्च

प्रिय बोकोबा,

भरून आलं. सोपा असला तरी आलं.

शनिवारी दुकानातून लवकर निघाले. मालक म्हणाले, काय बाई, आज घाई? म्हटलं, माझी मॅच आहे. ते चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले.

तू काही बदलू नकोस म्हणाला होतास. पण तुझ्या सतरा नंबरच्या नावापुढे लाल ठिपका होता. जिराफला फोन करून विचारलं, तर तो म्हणाला, काकू, लाल म्हणजे दमलाय, आणि खाली जो वाकडा चेहरा आहे तो म्हणजे मन खचलंय. (त्याला मी सांगितलंय की तू परीक्षेच्या अभ्यासाला बाहेर गेलास. त्याने ‘हो काकू’ म्हटलं, पण ज्या आवाजात म्हटलं त्यावरून त्याला ठाऊक असावं.) मग मला राहवेना. एकोणीस वर्षांचा पोरगा, दमलेला, मन खचलेलं, आणि त्याला पळायला कसं लावायचं? मी त्याला बाहेर बसवलं आणि त्याच्या जागी तो दाढीवाला घेतला. त्याचा चेहरा हसरा होता.

सामना एक-एक असा सुटला. बघताना मी दोनदा उभी राहिले आणि एकदा दाढीवाल्याला ‘अरे मागे बघ, मागे!’ असं ओरडले. त्याने बघितलं नाही. ठिपके आहेत नुसते, ऐकणार कुठून? सगळं ठरवून झाल्यावर हात बांधून बघायचं, हा कसला रे खेळ? दुकानात डोळे तपासताना निदान भिंगं बदलता येतात. ‘आधीचं बरं की आताचं?’ असं विचारलं की गिऱ्हाईक उत्तर तरी देतं.

बाबा बरे आहेत. कामावर जातात. बाजारातल्या उंच इमारतीच्या दोन्ही लिफ्ट एकदम बिघडल्यात, त्यांच्या दुरुस्तीत उशीर होतो. त्यांना काही सांगितलं नाही.

जेवतोस ना? हा प्रश्न मी तीनदा लिहून खोडला आणि चौथ्यांदा ठेवला.

आई


१६ मार्च

आई,

जेवतो. मास्तरांच्या ताटातला भात त्यांच्या मते गोल बसत नाही, म्हणून तोही मलाच मिळतो.

एक-एक वाईट नाही. पण सतराला बसवायला नको होतं. तुला वाटतं खचलेल्याला विश्रांती दिली की तो ताजातवाना होतो. होत नाही. बेंचवर माणूस ताजा होत नाही, गंजतो. लाल ठिपका असला तरी त्याला थोडा वेळ तरी मैदानात पाठवायचं. हरला तर हरला. डावीकडे, रेषेला लागून, आणि सूचनांमध्ये ‘मोकळा’ असा एक पर्याय आहे, तो लावायचा. म्हणजे त्याने कुठे पळायचं ते तो ठरवतो. टीममध्ये तो एकटाच असा आहे ज्याला काय करायचंय ते त्याचं त्यालाही आधी माहीत नसतं. म्हणून मी त्याला घेतला.

बाकी मागे चार, मध्ये तीन, पुढे तीन. बचावाची ओळ वर चढवलेली. मागे जागा राहते, गोल बसतात, बसू देत.

बाई विचारत होत्या, घरची आठवण येते का. मी म्हटलं, आईच्या ओरडण्याची येते. दाढीवाल्यावर ओरडलीस ते वाचून मी खरंच हसलो. मास्तर दचकले.

बोका


२४ मार्च

प्रिय बोकोबा,

काल आपण एक-शून्यने हरलो. पण फार वाईट हरलो नाही. गोल अगदी शेवटी बसला, तोपर्यंत भक्कम होतो.

तू म्हणालास तसं नाही केलं, रागावू नकोस. मी नीट विचार करून मागे पाच ठेवले. त्यांच्यापुढे आणखी दोघे, आडोसा म्हणून. म्हणजे एक सुटला तरी दुसरा धरतो, दुसरा सुटला तरी तिसरा आहे. एकावर सगळा भार नको. बचावाची ओळ खाली घेतली. चेंडू मिळाला की घाई करायची नाही, आपल्यातच फिरवायचा. सतराला या वेळीही बसवलं, पण रोज त्याच्याशी बोलते. खेळात तशी सोय आहे, ‘खेळाडूशी बोला’ म्हणून. रोज विचारते, कसा आहेस, काही त्रास आहे का.

जिराफचा निरोप आला होता: ‘काय काकू, गोलसमोर बस आडवी लावलीत का?’

इकडे सगळं ठीक. तुझी खोली रोज झाडते. खिडकीतली कुंडी जगलीय. दुकानात एक आजी आल्या होत्या, तपासणीत म्हणाल्या, ‘दोन्ही भिंगांतून सारखंच दिसतं बाई, तूच ठरव.’

आई


३१ मार्च

आई,

तुला खोटं बोलता येत नाही. पत्रातसुद्धा नाही.

‘एकावर सगळा भार नको.’ हे तू आयुष्यात कधी बोललीयेस? दुकानातून येताना सगळ्या पिशव्या एका हातात घेणारी तू. ‘एक सुटला तरी दुसरा धरतो’ हे मी लहानपणापासून ऐकतोय, लिफ्टच्या दोरांबद्दल. एका दोराने भागत असलं तरी पाच लावायचे. इथल्या एका दादाला सुट्टीवर जाताना विनंती केली होती, त्याने जिराफकडून सामन्याचा पूर्ण कागद आणला. सूचनांमध्ये काय होतं माहितेय? ‘वेळकाढूपणा: पहिल्या मिनिटापासून.’ आई, वेळकाढूपणा शेवटच्या पाच-दहा मिनिटांत करतात, आपण पुढे असलो तर. शून्य-शून्य असताना, पहिल्याच मिनिटापासून, नुसतं काही होऊ नये म्हणून वेळ काढणारा माणूस जगात एकच आहे आणि तो आपल्या घरी राहतो.

बाबांनी त्या दिवशी बिजागऱ्या खोलून दार काढलं आणि मला बाहेर आणलं. ते होते म्हणून मी आहे. हे मी इथे सगळ्यांसमोर म्हटलंय, रडून म्हटलंय. पण त्यानंतरचे आठवडे तू पण बघितलेस. घरातल्या एकूण एक कड्या काढल्या. बाथरूमला दाराऐवजी पडदा. ‘अंघोळ करताना गात राहा, म्हणजे आत ठीक आहेस ते कळेल.’ मी वीस वर्षांचा आहे आई. पडद्याआड उभा राहून भसाड्या आवाजात गायचो, आणि एखादा श्वास घ्यायला थांबलो की बाहेरून, ‘आहेस ना?’ आहे. आहे. आहे. दिवसभर ‘आहे’ म्हणत राहायचं, बाकी काही व्हायला वेळच नाही.

आणि आता सतराच्या मागे लागलेत. रोज ‘कसा आहेस’.

बाईंनी विचारलंय, तीन महिने संपल्यावर कुठे जाणार. संस्थेचं दुसऱ्या गावात एक होस्टेल आहे. तिथे राहायचं, छापखान्यात काम शिकायचं, आठवड्याला बाईंना भेटायचं. नाहीतर घर. मे महिन्याच्या मध्यापर्यंत सांगायचंय. मी होस्टेल म्हणणार आहे. तुला आधी कळावं म्हणून लिहितोय.

आणि त्यांना माझ्या टीमवरून हात काढायला सांग.

बोका


८ एप्रिल

बोकोबा,

पत्र तीनदा वाचलं. मग बाबांना वाचून दाखवलं. सगळं. होस्टेलचंही. लपवायचं कुठवर?

मी खोटं लिहिलं ते असं झालं. पहिल्या सामन्यानंतर मी संध्याकाळी तुझ्या खुर्चीत बसून ठिपक्यांकडे बघत होते. ते कामावरून आले, हात ग्रीसने काळे, आणि मागे उभे राहिले. बऱ्याच वेळाने बोट पुढे करून म्हणाले, ‘हा इथे मागे मोकळा आहे. इथून कुणीही घुसेल.’ मी म्हटलं, ‘अहो, त्याने तुम्हाला सांगू नको म्हटलंय.’ म्हणाले, ‘मग नको सांगूस.’ हात धुऊन आले, स्टूल ओढलं आणि बसले. तू गेल्यापासून ते घरात कुठे बसत नव्हते रे. उभ्याने चहा, उभ्याने जेवण. त्या दिवशी बसले. मग मी कशी उठवू?

रोज संध्याकाळी यायचे आणि आधी सतराकडे बघायचे. ठिपका लाल की पिवळा. मग ‘बोला’वर टिचकी. तयार वाक्यं असतात, त्यांतलं एक निवडायचं. ते प्रत्येक वाक्य मला मोठ्याने वाचायला लावायचे आणि फार वेळ विचार करायचे, जणू खरंच कुणाच्या दारात उभे आहेत. गेल्या आठवड्यात सतराचं उत्तर आलं. मी जिराफला विचारून अर्थ लावला: ‘खेळाडूला वाटतं की तुमचा त्याच्यावर विश्वास नाही. वारंवार विचारल्याने त्याचं मन आणखी खचलं आहे.’

बाबा ते वाक्य बघत राहिले. मग माझ्याकडे वळून, खरोखर माहीत करून घ्यायचं असल्यासारखं म्हणाले, ‘मग काय करायचं असतं? विचारायचं नाही?’

मला सांगता आलं नाही. तुला येत असेल तर सांग.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. ‘हात काढायला सांग’ हे मी वाचलं तेव्हा त्यांचा हात माउसवर होता. वायरीचा झटका बसावा तसा उचलला. उठून गॅलरीत गेले. शनिवारी मी म्हटलं, ‘पाठवायचं का हो?’ म्हणाले, ‘तो नको म्हणाला.’ मी एकटी बसले, पण माझंही बोट पुढे होईना. सूचना गेल्या नाहीत. आपण चार-शून्यने हरलो. हा पहिला शनिवार चुकला.

एक सांगू? त्या पडद्यावर अकरा परक्या पोरांची मनं मला चेहऱ्यांत दिसतात. कोण हसरा, कोण वाकडा. ठिपक्यांवरून कळतं कोण किती दमलाय. आणि तू भिंतीपलीकडे होतास, माझ्या हातचं जेवत होतास, आणि मी तुला ‘हिरवळीकडे बघणारा बैल’ म्हणत होते. मी दिवसभर लोकांचे डोळे तपासते रे.

होस्टेलचं काय ते तू ठरव. नको जाऊस असं मी लिहिणार नाही. लिहिलं आणि खोडलं आहे, वरच्या ओळीत दिसेल.

आई


२१ एप्रिल

बोकोबा,

तुझं उत्तर नाही. संस्थेत फोन केला, बाई म्हणाल्या ठीक आहे, सध्या लिहावंसं वाटत नाही म्हणतो. बरं. ‘ठीक आहे’ एवढ्यावर मी चार दिवस काढले.

काल दुसराही शनिवार चुकला. जिराफचा निरोप: ‘काकू, पुढच्या वेळी नाही आल्या सूचना तर नियमाने टीम दुसऱ्याला द्यावी लागेल. मी कितीही म्हटलं तरी बाकीचे ऐकणार नाहीत. प्लीज काहीतरी पाठवा.’ तुझं गुपित त्याला ठाऊक आहे, हे आता नक्की. शेवटी लिहिलं होतं, ‘त्याला सांगा चौकट अजून दुखतेय.’

बाबा संध्याकाळी तुझ्या खोलीत जातात, कॉम्प्युटर लावतात आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसतात. कशालाही हात लावत नाहीत. सतराचा ठिपका हिरवा झालाय, चार सामने खेळला नाही ना. चेहरा मात्र तसाच. काल मी विचारलं, ‘अहो, काय बघताय?’ तर म्हणाले, ‘अडकलेल्या लिफ्टमध्ये माणसं असली की मला वरून बोलता येतं. घाबरू नका, मी आलोय, म्हणता येतं. खाली-वर कसं न्यायचं तेही कळतं.’

मला काही कळत नाही रे. तू नाही म्हणालास म्हणून ते हात लावत नाहीत. ते लावत नाहीत म्हणून मी लावत नाही. आणि तुझी टीम जातेय. ठेवू की जाऊ देऊ, एवढं तरी कळव. ‘आधीचं की आताचं’ एवढंच. एका शब्दात चालेल.

आई


२७ एप्रिल

आई,

ठेव.

लिहिलं नाही कारण लिहायला बसलं की बाबांचा तो प्रश्न यायचा. मग काय करायचं असतं? मी बाईंना विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं. मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, ‘मी पोरांच्या चित्रात रेघ सरळ करून द्यायचो. पोरं चित्रं काढायची बंद झाली.’ आणि माझी उशी सरळ केली.

मलाही माहीत नाही. मला विचारलं तर गुदमरतं आणि कुणी विचारलंच नाही तर वाटतं, कुणाला पडलेलीच नाही. हे बरोबर नाही, पण असं आहे.

४ मेच्या सामन्याला बाबांना बसू दे. सतराला खेळवा. डावीकडे, ‘मोकळा’. त्याच्याशी आधी काही बोलू नका. सामना सुरू झाल्यावर खाली खेळाडू बदलायचं एक बटण येतं, पण काहीही झालं तरी ते दाबून त्याला बाहेर काढू नका. वेळकाढूपणा बंद. बाकी मागे किती ठेवायचे ते त्यांचं त्यांना ठरवू दे. पाच ठेवले तरी चालतील.

बोका


५ मे

बोक्या,

पत्राला सुरुवात कशी करतात ते तुझ्या आईला विचारलं. ती म्हणाली, हाक मारता तसं लिहा.

कालच्या कामाचा अहवाल.

सूचना वेळेच्या आधी पाठवल्या. तू सांगितल्याप्रमाणे सतरा डावीकडे, मोकळा. त्याच्याशी बोललो नाही. मागे चार ठेवले. पाच ठेवायचे मनात होतं. तुझ्या आईने माझ्याकडे बघितलं, मग चार केले.

सतरा सुरुवातीपासून चेंडू घालवत होता. कुठे पळतो ते कळत नव्हतं. एकदा पळत पळत रेषेच्या बाहेरच गेला. त्याच्या बाजूला मागे कुणी नव्हतं, तिथूनच ते घुसले. पहिला गोल तिथून, दुसराही तिथूनच. मी म्हटलं, याला काढतो आता. बटण समोर होतं. हात पुढे गेला होता. आई म्हणाली, ‘अहो, बसा.’ मी बसलेलोच होतो. हात परत घेतला. घेऊन कुठे ठेवायचा ते समजेना, म्हणून खुर्चीखाली धरला.

मध्यंतरानंतर त्याने एक पास दिला. कुणालाच वाटलं नव्हतं तिथे. दाढीवाल्याने गोल केला. तुझी आई ओरडली, शेजारचे येऊन विचारून गेले काय झालं. मग सतराचा एक फटका खांबाला लागला. तो आत गेला असता तर बरोबरी होती. गेला नाही. आपण दोन-एकने हरलो. टीम मात्र आपल्याकडेच राहिली, जिराफने कळवलं.

सामन्यानंतर त्याचा चेहरा बघितला. वाकडाच आहे. थोडा कमी वाकडा, असं तुझी आई म्हणते. मला फरक दिसला नाही, पण डोळ्यांचं तिला जास्त कळतं.

दुसरं काम. बाथरूमचं दार पुन्हा बसवलं, पडदा काढला. तुझ्या खोलीच्या दारालाही आतून कडी लावली. पहिल्यांदा स्क्रू तिरका गेला. तीस वर्षांत माझा स्क्रू तिरका गेला नव्हता. काढून पुन्हा बसवला. आत जाऊन लावून बघितली, नीट लागते. लावून थोडा वेळ आत उभा राहिलो. तुझी आई बाहेरून म्हणाली, ‘आहात ना?’ मी ‘आहे’ म्हटलं. तेव्हा तू लिहिलेलं थोडं कळलं.

तुमच्या डॉक्टरबाईंना आधी फोन करून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, लावा, पण बाहेरून उघडता येईल अशी लावा आणि तसं त्याला सांगा. म्हणून सांगतो. कडीला बाहेरच्या बाजूने एक खाच आहे. त्यात नाणं घालून फिरवलं की उघडते. लपवून ठेवलेलं नाही. नाणं मी खिशात ठेवतो. ते घरी ठेवून कामावर जाऊन बघितलं, अर्ध्या रस्त्यातून परत आलो. ते मला जमत नाही. आता आत गायची गरज नाही.

लिफ्टमध्ये आत एक घंटीचं बटण असतं. आतल्या माणसाने दाबलं की बाहेर कळतं. दाराला तसं काही बसवता येईल का यावर मी बराच विचार केला. बसवता येईल, पण दाबायचं की नाही ते आतल्याच्याच हातात. तिथे माझं काम संपतं.

होस्टेलच्या इमारतीत लिफ्ट असेल तर तिची तपासणी कधी झाली ते दारावर लिहिलेलं असतं. बघून घे.

पुढच्या सामन्याला सतराचं काय करायचं? मला ठरवता येत नाही. तू सांग, मी तसं करतो.

बाबा


११ मे

बाबा,

तुमचं पत्र मास्तरांनाही दाखवलं. त्यांनी ते गादीखाली दोन दिवस दाबून ठेवलं, घडी सरळ यावी म्हणून.

मी होस्टेलला जातोय. काल बाईंना सांगितलं. तुमच्यामुळे नाही, असं लिहिणार होतो, पण ते पूर्ण खरं नाही. तुमच्या खिशातल्या नाण्याकडे माझं लक्ष जात राहील आणि माझ्या दाराकडे तुमचं. आत्ता तरी मला तेवढं पेलणार नाही. आईला हे तुम्ही वाचून दाखवा. तिला वाचून दाखवायला लावू नका, प्रत्येक वेळी तिच्यावरच येतं.

इमारत तीन मजली आहे. लिफ्ट नाही.

तिथेही सुरुवातीला फोन मिळणार नाही. टीम तुमच्याकडेच राहू दे. पुढच्या सामन्यालाही सतराला खेळवा, डावीकडेच. तो पुन्हा चेंडू घालवेल, त्याच्या बाजूने पुन्हा गोल बसतील. तेव्हा हात खुर्चीखालीच धरा. मागे पाच ठेवायचे तर ठेवा. शेवटची दहा मिनिटं वेळकाढूपणा केलात तरी चालेल, पण पुढे असलात तरच.

आणि सतराशी एकदा बोला. रोज नाही, सामन्याच्या आदल्या दिवशी एकदाच. तयार वाक्यांत सगळ्यात खाली एक असतं, फार लोक निवडत नाहीत: ‘काही सांगायचं नाही, सहज आलो होतो.’ ते निवडा.

कडीला अधूनमधून तेल घालत जा. न वापरलेली कडी गंजते. मला ती लागणार आहे.

बोका